‘साखर नाही’, पण माल्टोडेक्स्ट्रिन आहे!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मधुमेह्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींबद्दल लिहितो आहे. मेडिकलमधून सौ.साठी असा एक डबा आणला. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत ‘साखर घातलेली नाही’. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत घटक, आणि त्यात दुसऱ्याच नंबरला माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली भुकटी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियम आहे. म्हणजे हा माल चिमूटभर नव्हे.

ही भुकटी कशी होते, ते मला माझ्या कामामुळे कळतं. मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसला, खळ काढायच्या खात्यात होतो. सूत मागावर तुटू नये म्हणून सायझिंगवाले त्याला स्टार्चची खळ लावतात. ती कापडात राहिली तर पुढं रंग नीट बसत नाही. म्हणून कापड अमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमच्या गरम पाण्यातून काढायचं, गुंडाळून ठेवायचं आणि मग धुवायचं. खळ गेली का, हे बघायला आयोडीनचा थेंब टाकायचा. गर्द निळा डाग आला तर खळ शाबूत. जांभळा, तांबूस आला तर स्टार्चची साखळी तुटायला लागली. थेंब पिवळसरच राहिला की कापड पुढं सोडायचं.

या मधल्या अर्धवट तुटलेल्या अवस्थेतच काम थांबवलं आणि तो द्राव शुद्ध करून फवाऱ्यानं वाळवला, की पांढरी भुकटी मिळते. तेच माल्टोडेक्स्ट्रिन. अर्थात खाण्याचा माल मक्याच्या वगैरे स्टार्चपासून वेगळ्या कारखान्यात होतो, आमच्या टाकीत नव्हे! त्याचाच भाऊबंद, स्टार्च भाजून केलेलं डेक्स्ट्रिन, लिफाफ्याच्या गोंदात आणि फाउंड्रीच्या वाळूतही चालतं. उद्योगात वापरतात म्हणून ते वाईट, असं मी म्हणणार नाही.

माल्टोडेक्स्ट्रिन फारसं गोड नसतं, पाण्यात चटकन विरघळतं आणि भर म्हणून स्वस्त पडतं. म्हणून चिप्सच्या मसाल्यात, सूपच्या पुडीत, औषधाच्या गोळीतही ते असतं. नळीवाटे अन्न घेणाऱ्या रुग्णाला किंवा लांब पल्ल्याच्या धावपटूला त्याचा उपयोगच होतो. पण पोटात गेल्यावर त्याचं झपाट्यानं ग्लुकोज होतं आणि रक्तातली साखर घरच्या साखरेपेक्षाही वेगानं चढते. कॅलरी तेवढ्याच, ग्रॅमला 4. मधुमेह्याच्या डब्यात त्याचं काय काम?

कंपनी कायद्यानं खोटं बोलत नाही, गंमत तिथंच आहे. लेबलवर ‘साखर’ म्हणून फक्त एका-दोन कड्यांच्या शर्करा मोजतात. माल्टोडेक्स्ट्रिनच्या साखळ्या बहुतेक त्याहून लांब, त्यामुळे ते जवळपास सगळं ‘कार्बोहायड्रेट’च्या ओळीत जातं आणि साखरेच्या ओळीत भोपळा दिसतो. जुलै 2024 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. पाऊल चांगलं आहे, पण या डब्यावर तो भोपळाच ठळक होईल.

माझी मागणी एवढीच, की ‘साखर नाही’ असं पुढं छापायचं असेल तर ‘माल्टोडेक्स्ट्रिन आहे’ हेही त्याच बाजूला, त्याच आकारात आणि मराठीतही छापायला लावावं. तोवर मेडिकलवाल्यांनी गिऱ्हाइकाला डबा देताना मागची बाजू दाखवावी. आमच्या मेडिकलवाल्याला मी सांगितलंय. तो हसला, पण हल्ली दाखवतो.

– एक निवृत्त प्रोसेस कामगार, इचलकरंजी