मुके पाय

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, रात्री तळपायांची नुसती आग होते, पांघरूणसुद्धा सोसवत नाही." मी आपलं "डॉक्टरांना दाखव" म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर चुटपुट लागली, म्हणून हे लिहायला बसले.

माझंही असंच सुरू झालं होतं. आधी बोटांना मुंग्या, मग तळव्यांची जळजळ, आणि सगळं रात्रीच जास्त. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा दुखावतात. पायांच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून पहिला फटका त्यांनाच. मी तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसायचे. तू ते चुकूनही करू नकोस. बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही, फोड आल्यावरच समजतं.

पुढे माझी आग आपोआप कमी झाली. मला किती बरं वाटलं होतं! एका संध्याकाळी बूट काढला तर मोज्यावर लाल डाग. बूट उपडा केला, आतून शर्टाचं बटण पडलं. दिवसभर मी त्या बटणावर चालले होते, बाळा, आणि मला पत्ता नव्हता. ती जखम भरायला अडीच महिने गेले. तेव्हा डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवला. 10 ग्रॅम दाबाला तो वाकतो. लागला की 'हो' म्हणायचं होतं. मी वाट बघत राहिले, आणि ते म्हणाले, "तपासून झालं." पाय बरे झाले नव्हते, मुके झाले होते.

तुझे पाय अजून बोलताहेत, म्हणून तर इतक्या कळकळीने सांगते. ही तपासणी लगेच करून घे आणि पुढे दर वर्षी चुकवू नकोस. पायाच्या नाडीचे ठोकेही बघायला सांग. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं घेतोयस, तेव्हा रक्तातलं बी 12 जीवनसत्त्व तपासायला हवंच; ते कमी असलं तरी पायांना अशाच मुंग्या येतात. नसांच्या दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, उलट रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला त्रास. त्यासाठी प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं आहेत. डॉक्टर ती थोड्या मात्रेने सुरू करतात. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला गुंगीही येते, म्हणून चार दिवसांत कंटाळून सोडू नकोस. झोप लागायला लागली की माणूस निम्मा बरा होतो, हे मी अनुभवलं आहे.

रोज रात्री पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा धर. कोमट पाण्याने धू, पण पाणी आधी कोपराने बघ. बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपून घे. टाचांना क्रीम लाव, बेचक्यांत नको. नखं सरळ काप, कडा खोल कोरू नकोस. कुरूप झालं तर ब्लेड किंवा ॲसिडची पट्टी अजिबात नको. घरातसुद्धा अनवाणी फिरू नकोस. बूट संध्याकाळी विकत घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि घालण्याआधी आत हात घालून बघ. मी आजही बघते, दर वेळी.

जखम झाली, पाय लाल, गरम किंवा सुजलेला दिसला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. 'बघू उद्या' म्हणू नकोस. आणि ती सिगारेट सोड रे. पायाकडे जाणारं रक्त आधीच कमी पडतं.

रविवारी येशील तेव्हा आल्या आल्या मोजे काढून खिडकीपाशी बस. मला तुझे तळवे उजेडात बघायचे आहेत.

तुझी,
आई