कबाडी काटा घेऊन बसलाय

महाल, नागपूर
१२ मे

प्रिय विन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी तर्री पोह्याच्या गाडीवर होतो, नीट बोलणं झालं नाही. काल काकांची जुनी गाडी पाहायला तुमच्या वाड्यात जाऊन आलो. कबाडी आधीच हिशेब करून राहिला होता: "आठशे किलो धरा भाऊ, लोखंडाच्या भावानं उचलतो." म्हटलं, थांब बे, पाहू तर दे.

काकांची डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११००, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. हिला खाली वेगळा सांगाडा, म्हणजे चासी नाही, बॉडीच सगळं ओझं पेलते, म्हणून आधी मॅट उचलून फ्लोअरला पेचकस टोचून पाहिला. मुंबईची गाडी असती तर आरपार गेला असता. आपल्या कोरड्या उन्हानं पत्रा वाचवला, रबर मात्र खाल्लं. काचांची बीडिंग हात लावला की चुरा होते.

मग चुंबक काढलं. बंपर, हबकॅप चिकटले. दाराच्या हँडलांना ते धरेना, म्हणजे मझाक धातू, जस्ताचं ओतकाम. त्याचं क्रोम एकदा फोड येऊन उठलं की पुन्हा चढवणं कटकटीचं. चारांतली दोनच बिनफोडाची निघाली, ती फडक्यात गुंडाळून घरी आणली. रेडिएटर तांब्या-पितळेचा, कबाड्याचा खरा डोळा त्यावर आहे, आणि तो काटा करतोय लोखंडाचा!

१०८९ सीसीचं इंजिन स्टार्टिंग हँडलनं फिरलं, मला खरंच वाटलं नव्हतं. कार्बोरेटर कोणी तरी केव्हाच नेलाय. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस. इंजिनाचा वंश प्रीमियर पद्मिनी गाडीत पुढे चालला, मुंबईत त्या टॅक्सी २०२३ पर्यंत धावल्या, त्यामुळे तो माल शोधला तर मिळतो. मिळत नाही ते डुकराचंच असलेलं: जाळी, टेललाइटच्या काचा, स्पीडोमीटर, त्या उलट्या दारांच्या बिजागऱ्या. वजनाला ह्या सगळ्याचे चहाचे पैसेही येणार नाहीत. हुडकणारा नगावर घेईल.

पण काहून तोडतो बे? काकांनी ती १९६१ ला घेतली ना? २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी वीस हजार. तुला नको असेल तर अख्खी विकू. तोडायचीच ठरली तर आरटीओत नोंदणी रद्द झाल्याशिवाय एक नट काढू देणार नाही.

कबाड्याला रविवारपर्यंत थोपवलंय. आरसी बुक कुठं आहे ते काकूंना विचार, बहुधा देवघराच्या कपाटात असेल. आणि स्टिअरिंगचं चाक माझं. हवं असेल तर येऊन भांड.

तुझा,
पक्या