मंजूस, मुक्ताबद्दल

गोरेगाव (पूर्व), मुंबई
रविवार

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार. पावसाळाभर तुला पत्र नाही, आणि आज लिहिते आहे ते केवळ मुक्ताबद्दल. बाकी येथे सर्व ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, दिलीपची साखर गोळ्यांनी आटोक्यात आहे आणि आईंना नवी कवळी बसवली आहे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

गेल्या काही आठवड्यांपासून मुक्ता स्टेशनला मागच्या गल्लीने जाते. ती वाट लांबची आहे आणि तेथे भटकी कुत्रीही फार. विचारले तेव्हा "तिकडे गर्दी नसते" असे उत्तर मिळाले. खरे कारण मला एका संध्याकाळी बाजारातून येताना दिसले. दहावीच्या निकालानंतर तिच्या क्लासने चौकात लावलेला फ्लेक्स अजून तसाच आहे, आणि त्यावर उजवीकडून दुसरी आपली मुक्ता ९७.४० टक्क्यांसह हसते आहे. पावसाने रंग उतरले असले तरी चेहरा स्पष्ट ओळखू येतो. आपली मुलगी स्वतःच्याच फोटोसमोरून जाणे टाळते आहे, हे मी दुसऱ्या कोणाला सांगितले असते तर "वयच तसे असते" यापलीकडे काही ऐकायला मिळाले नसते. तुला समजावून सांगण्याची मला गरज नाही. चौपाटीवरचा तो हिवाळा तू विसरलेली नाहीस आणि मीही नाही.

आता घडले ते सांगते. अकरावी सुरू झाल्यापासून त्याच क्लासमध्ये जेईईच्या धर्तीवर तीनशे गुणांच्या चाचण्या होतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकले तर एक गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजाने लिहिणारा खाली घसरतो आणि घाबरून प्रश्न सोडणाराही खाली राहतो. सप्टेंबरच्या चाचणीत मुक्ताला १०४ गुण पडले आणि तिला पहिल्या तुकडीतून तिसऱ्या तुकडीत पाठवण्यात आले. गुणांचा संदेश पालकांच्या मोबाईलवर येतो, म्हणजे दिलीपला आणि मला आकडा ठाऊक होता. मुक्ताने घरी येऊन आजीला मात्र २०४ सांगितले. आईंनी आनंदाने केळे घालून शिरा केला, शेजारच्या जोशीकाकूंकडे वाटीभर पाठवला, आणि मुक्ताने आजीसमोर बसून तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मंजू, मला खोटे बोलण्याचा राग आला नाही. तो शिरा ती कशी गिळत होती ते पाहून माझ्या पोटात तुटले.

तिला कोणी रागावलेले नाही, हेच मला अधिक अस्वस्थ करते. बोलणी खाल्लेल्या मुलीची समजूत घालता येते. हिला आजवर फक्त प्रेमाने वागवले गेले आहे. पहिलीपासून सर्व इमारतीने तिला हुशार म्हटले, वॉचमनने म्हटले, आईंच्या भजनी मंडळाने म्हटले, पाहुण्यांसमोर पाढे म्हणून झाले की प्रत्येकाने म्हटले, आणि ते सगळे मनापासून होते. कौतुकाने अंगावर मूठभर मांस चढते हे खरेच आहे, तिचेही चढले. परंतु इतकी वर्षे एकच गोष्ट वाखाणली गेली की मूल त्यातून असे शिकते, या घरातली माझी जागा त्या गोष्टीमुळे आहे. मग ती गोष्ट डळमळली की गुणांबरोबर जागाही जाते. तिला तसे वाटते आहे, असे मी पैजेवर सांगते.

शाळेच्या एका प्रशिक्षणात ऐकलेला एक प्रयोग मी या महिन्यात पुन्हा शोधून वाचला. अमेरिकेतील क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली आणि सर्वांनाच चांगले गुण मिळाल्याचे सांगितले. त्यानंतर काहींना "तू हुशार असणार" असे म्हटले, काहींना "तू मेहनत घेतली असणार" असे म्हटले, आणि काहींना गुणांपलीकडे काहीच म्हटले नाही. दुसऱ्या फेरीची कोडी मुद्दाम फार अवघड ठेवली आणि तुम्हाला कमी पडले असे सर्वांना सांगितले. तिसऱ्या फेरीत पुन्हा पहिल्यासारखीच सोपी कोडी होती, तरी हुशार म्हटलेली मुले स्वतःच्या पहिल्या गुणांपेक्षाही खाली आली आणि मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली वर गेली. शेवटी दुसऱ्या शाळेतील मुलांसाठी या कोड्यांविषयी चार ओळी लिहायच्या होत्या, त्यात आपले गुणही द्यायचे होते. हुशार म्हटलेल्या मुलांपैकी जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. वाचणारी मुले अनोळखी होती आणि लिहिणाऱ्याचे नावही मागितलेले नव्हते. एका परक्या बाईच्या एका वाक्याने एवढे होते, तर आजीच्या दहा वर्षांच्या कौतुकानंतर मुक्ताने एकाचे दोन केले याचे मला नवल वाटत नाही.

तू आता म्हणशील की मग मेहनतीचे कौतुक कर. आमच्या शिक्षकखोलीतही सर्वांचे तेच म्हणणे आहे आणि फळ्याशेजारी तसे तक्तेही लागले आहेत. मला ते सोळा वर्षांच्या मुलीसाठी पुरेसे वाटत नाही. बुद्धी वाढू शकते हे मुलांना शिकवण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मागे असलेल्या मुलांना फायदा झाला, पण तो थोडाच होता. शिवाय वुल्फ-उवे मायर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून दिले होते की सोप्या कामाबद्दल किंवा नुसत्या धडपडीबद्दल कोणी फार वाखाणणी केली, तर मोठी मुले त्यातून आपल्या कुवतीबद्दलचे बोलणाऱ्याचे मत ओळखतात. रात्री एक वाजेपर्यंत बसून १०४ गुण मिळवणाऱ्या मुलीला "किती कष्ट घेतेस गं" म्हटले, तर तिच्या कानांवर काय पडेल? तिला ऐकू येईल की कष्ट आहेत, डोके नाही. परवा दिलीप तसे म्हणाला आणि मुक्ता ताटावरून उठून गेली.

त्याहून वाईट म्हणजे खोटे मोठे विशेषण. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये मुलांना व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल काढायला दिली आणि एका चित्रकाराच्या नावाने चिठ्ठी पाठवली. काहींच्या चिठ्ठीत चित्र सुंदर असल्याचे लिहिले होते, तर काहींच्या चिठ्ठीत ते विलक्षण सुंदर असल्याचे. ज्या मुलांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होते, ती विलक्षणची चिठ्ठी वाचून पुढच्या वेळी सोपी चित्रे निवडू लागली, कारण त्या उंचीवर पुन्हा पोहोचायचे कसे याची त्यांना धास्ती वाटली असावी. २०१४ च्या त्याच अभ्यासात हेही आढळले की मोठी माणसे असे फुगवलेले शब्द नेमके अशाच मुलांसाठी वापरतात. माझ्या वर्गांत मी हे रोज पाहते. ज्याला जमत नाही त्याच्या वहीवर सर्वांत मोठा शेरा असतो, आणि ते मूल वही लपवते.

दिलीपचे उत्तर तयार असते. तो म्हणतो, आचरेकर सरांनी सचिनला एकदाही "वेल प्लेड" म्हटले नाही, म्हणून तो सचिन झाला. आमच्या घरात शिवाजी पार्कचा दाखला दिला की वाद संपला असे समजतात. मी या वेळी संपू दिला नाही. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिनने जे सांगितले ते मी त्याला पुन्हा ऐकवले. त्याच भाषणात तो म्हणाला होता की सर त्याला स्कूटरवर बसवून मुंबईभर सामने खेळायला नेत. ज्या मुलाला आपला गुरू भर उन्हात या मैदानावरून त्या मैदानावर घेऊन फिरतो, त्याला आपण नकोसे आहोत अशी शंका कधी येणार नाही. मग शब्द नसले तरी त्याचे भागते. सरांची ती यष्टीवर ठेवलेली रुपयाची नाणीही पाहा. संपूर्ण सत्र बाद न होता खेळलास तर नाणे तुझे, एवढाच त्यांचा अर्थ होता. त्यात तू कोण आहेस याबद्दल काहीच म्हटलेले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी नवे नाणे ठेवले जाई. आणि तरीसुद्धा एकोणतीस वर्षांनी त्याच माणसाने भरल्या मैदानावर, आता सामने उरले नाहीत, तेव्हा सर एकदा चांगले झाले म्हणाले तरी चालेल, असे बोलून दाखवलेच. शंभर शतके करणाऱ्यालाही ते हवे होते. तेव्हा मुलांना कौतुक देऊच नये हे मला पटत नाही. दिलीप गप्प बसला, पण पटले म्हणून बसला की बातम्या लागल्या म्हणून, ते सांगता येत नाही.

या सगळ्यात मला सारखा आठवतो तो १९८८ च्या गणपतीतला तुझा सत्कार. बोर्डाच्या यादीत वाडीची मुलगी आली म्हणून शाल, श्रीफळ, पेन, आणि अध्यक्षांनी संपूर्ण भाषणभर मंजिरीची मंजुळा केली! वसंता मागे बसून दर वेळी "हजर" म्हणत होता आणि बापटकाकूंनी त्याला चिमटा काढला होता. त्या रात्री जिन्यात मी तुला म्हटले, "तुझे काय, तुला सगळे सोपेच जाते," आणि तू माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाहीस. त्या भांडणात माझे म्हणणे मला अजूनही रास्त वाटते, कारण मी ५८ टक्क्यांवर बसलेली मुलगी होते आणि मला तू खरोखरच तशी दिसत होतीस. तू का चिडलीस, हे मात्र मला दोन वर्षांनी कळले. पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर तू रोज डबा घेऊन निघायचीस आणि कॉलेजऐवजी चौपाटीवर जाऊन बसायचीस. शेवटी तेथे मला म्हणालीस की घरी नापास झाल्याचे सांगता येईल, पण हुशार नसल्याचे कसे सांगू. मला तेव्हा ते वाक्य जरा नाटकी वाटले होते. आता माझ्याच घरात ते खरे होते आहे.

मुक्ताशी मी बोलले नाही असे समजू नकोस. गुण ठाऊक आहेत हे मी तिला शांतपणे सांगितले. आजीला खरा आकडाही तिनेच सांगावा की मी सांगू, असे विचारले. तिने स्वतः सांगितला. आई म्हणाल्या, "असू दे गं, तू हुशारच आहेस, पुढच्या वेळी पहिली येशील." त्यांचे प्रेम एवढे खरे आहे की मी त्यांना काय सांगणार? मुक्ता माझ्याकडे पाहत राहिली. म्हणजे पुढच्या चाचणीचे ओझेही तेथेच तिच्या खांद्यावर आले. मी तिच्याबरोबर बसून उत्तरपत्रिका काढली, कोणते प्रश्न घाबरून सोडले आणि कोणते खरोखर येत नव्हते ते वेगळे केले. भौतिकशास्त्रात गतीचे नियम कच्चे आहेत, बाकीचे बहुतेक घाबरणे आहे. त्या तासाभरात तिने एकदाही माझ्याकडे मान्यतेसाठी पाहिले नाही, आणि मला तेवढा वेळ ती पूर्वीसारखी वाटली. परंतु मी तिची आई आहे, मी काहीही म्हटले तरी आई आहे म्हणूनच म्हणते असे तिला वाटणार.

म्हणून मला तू हवी आहेस. सल्ला देऊ नकोस, धीर तर मुळीच देऊ नकोस. नापास झाल्यानंतर पुढच्या जूनमध्ये तू पुन्हा वर्गात जाऊन बसलीस, तेव्हा पहिल्या दिवशी काय वाटले, कोणत्या बाकावर बसलीस, कोणी काय म्हटले, वाडीत कोणी बोलणे टाकले आणि कोणी टाकले नाही, हे तिला जसे झाले तसे सांग. मला तू यातले निम्मेच सांगितले आहेस. शिरसाट मास्तर तुला रोज दुपारी गणित करायला का बोलावत आणि कधी चांगले-वाईट काही का म्हणत नसत, हेही तिला कळू दे.

तुझ्या बदलीचे काय झाले? अजयला नोकरी लागल्याचे वसंताकडून कळले, फार आनंद झाला. माईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया रत्नागिरीतच करणार की इकडे आणणार, ते कळव. इकडे आणणार असाल तर आमच्याकडेच उतरा.

दिवाळीच्या सुट्टीत मांडवी एक्स्प्रेसने ये आणि चार दिवस राहा. क्लासची पुढची चाचणी भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे, त्यामुळे तिच्या आधी आलीस तर बरे. मुक्ताला मी तू येणार एवढेच सांगेन, कशासाठी ते सांगणार नाही. आणि आल्याआल्या तिला पाहून पूर्वीसारखे "काय गं हुशार पोरी" म्हणू नकोस. तिकीट काढलेस की तारीख कळव, दिलीप दादरला घ्यायला येईल.

तुझी,
नीला