पाकिटामागच्या पेन्सिलीच्या ओळीबद्दल

सप्रेम नमस्कार काकू,

म्हापशाच्या बाजारात शुक्रवारची गर्दी, गल्ल्यापुढे रांग, आणि तुम्ही केक मिक्सचं पाकीट सरळ काट्यावर ठेवलंत. २५० ग्रॅम. मग त्याच्याच मागे पेन्सिलीनं लिहिलंत: ‘फळ ६००, लोणी १००, ढवळू नये.’ कॉबलर, म्हणजे खाली फळ आणि वर केकचा खरपूस थर असलेला गोड पदार्थ, जमला तो या एका ओळीमुळे. म्हणून हे जाहीर आभार.

फी घेऊन शिकवणाऱ्यांनी एवढंच सांगितलं होतं: खाली फळ, वर पाकीट, वर लोणी, झालं. वर पांढरं पीठ राहिलं की दोष ओटीजीला, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या भट्टीला. पाकीट किती ग्रॅमचं, हे एकानेही विचारलं नाही! ती कृती अमेरिकेतल्या साधारण ४३२ ग्रॅमच्या खोक्याची, ९ बाय १३ इंचांच्या भांड्याची. तेवढ्या भांड्यात आपलं पाकीट पसरलं की थर पातळ होतो आणि कडा करपतात. आपल्या पाकिटाला ८ इंची चौकोनी भांडंच हवं.

‘ढवळू नये’ हे तर कुणीच समजावलं नव्हतं. फळाच्या रसाची वाफ खालून वर येते, लोणी वितळून वरून खाली उतरतं, आणि दोन्ही भेटतात तिथे मिक्स फुगून खरपूस होतं. ढवळलं तर सगळ्याचा चिकट गोळा. लोणी पोचलं नाही तिथे पीठ कोरडंच राहतं, म्हणून थंडगार वडीचे दोन-तीन मिलिमीटरचे काप कोपऱ्यांपर्यंत लावायचे. मधोमध ढीग नको. लोणी मिठाचं असेल तर वेगळं मीठ नको.

६०० ग्रॅम म्हणजे साल-बाठा काढल्यावरचं वजन. मानकुराद आंबा पिकलेला पण घट्ट घ्यावा, फोडी २ सेंटिमीटरच्या. त्याला साखर नको, अर्ध्या लिंबाचा रस मात्र हवाच, नाहीतर गोडाला गोड लागतं. रस कमी वाटला तर पाव वाटी पाणी. अननसाचं उलट. त्याला पाणी फार सुटतं, म्हणून फोडींना १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि ३ चमचे साखर चोळायची. पावसाळ्यात पाकिटातलं मिक्स दमट होऊन गाठी धरतं, तेव्हा चाळूनच भुरभुरवायचं.

तापलेल्या ओटीजीत १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. पहिली ३५ मिनिटं फक्त खालचा रॉड, मग दोन्ही. तेव्हाही पांढरा डाग दिसला तर कडेचा उकळता रस चमच्याने त्यावर सोडायचा. कडेचे बुडबुडे जाड आणि संथ झाले की काढायचं, आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना कापलं तर रस पातळ वाहतो.

काकू, पाकीट विकलं तिथे तुमचा व्यवहार संपला होता. मागे माणसं ताटकळत असताना एका अनोळखी गिऱ्हाइकासाठी पेन्सिल शोधायला काही कारण नव्हतं. अशी आपुलकी पैसे मोजूनही मिळाली नव्हती. रिकामं पाकीट कापून फ्रिजच्या दारावर चिकटवलं आहे. लोण्याचा डाग पडलाय, पण अक्षर अजून वाचता येतं.

तुमचं,
बार्देशातलं एक गिऱ्हाईक