ऊर्जामंत्री महोदय, आमचे पहिले शंभर युनिट श्वासातच संपतात

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

मी इचलकरंजी भागातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेम, म्हणजे सूत काढायच्या खात्यात जॉबर (मुकादम) होतो. सौ. त्याच गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. गिरणी बंद पडली तेव्हा हिशोब मिळायला किती चकरा माराव्या लागल्या ते इथे सांगत बसत नाही. आता मला ईपीएस-95 ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली पेन्शन मिळते, महिना 2,386 रुपये. 2014 च्या सप्टेंबरपासून या पेन्शनची किमान रक्कम 1,000 रुपये ठरली, ती अजून तिथेच आहे. तिला महागाई भत्ता नसतो. म्हणजे किराणा वाढो, गॅस वाढो, विजेचा दर वाढो, आमचा आकडा जागचा हलत नाही.

हे पत्र मात्र पेन्शन वाढवा म्हणून नाही. तो विषय दिल्लीचा. आपल्या हातात आहे तेवढंच मागतो.

सौ.ची फुप्फुसं निम्मी गेली आहेत. थोडी कापसाच्या धुळीने, थोडी लहानपणीच्या चुलीने. कुठल्या कशाने किती, हे आता कोण मोजणार. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून नळीने देणारं मशीन, लावायला सांगितलं. दिवसाचे पंधरा तास. हे मशीन साधारण 350 वॅट घेतं. दहा तास चाललं की साडेतीन युनिट, महिन्याला 105. पंधरा तासांचे होतात 157 च्या वर. हा गुणाकार मी वहीत करून सौ.ला दाखवला आणि आम्ही दहा तासांवर आलो. डॉक्टरांना सांगितलं नाही.

आता बिलाकडे या. घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा दर त्यातल्या त्यात कमी. 101 व्या युनिटापासून तो दुपटीहून जास्त होतो. कमी वापरणाऱ्या गरिबाला दिलासा, असा त्यामागचा हेतू असणार, आणि हेतू चांगलाच आहे. पण आमचे ते स्वस्तातले शंभर युनिट मशीनच पिऊन टाकतं. फ्रीज, दोन पंखे, दोन ट्यूब, टीव्ही हे सगळं मग चढ्या दरात. आमच्या घरी एसी नाही, गिझरही नाही, तरी बिलाच्या लेखी आम्ही जास्त वीज जाळणारे. वर स्थिर आकार, वहन आकार. मागच्या महिन्यात 185 युनिट झाले, बिल 1,930 रुपये. 2,386 मधून ते वजा करून बघा. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो म्हणून चुलीवर भांडं चढतं. त्याचाही संसार आहे. उन्हाळ्यात वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तेव्हा त्याला फोन करताना माझी जीभ जड होते.

जानेवारीत बिल चांगलं तीनशेने कमी आलं. मी खूश. पंखे बंद होते, थंडी होती, असं समजलो. मग एका पहाटे चारला जाग आली ती शांततेने. मशीनची घरघर बंद होती. वाटलं लाइट गेली, पण देव्हाऱ्यातला छोटा बल्ब तर चालू. सौ. उशीला टेकून बसली होती, नळी गळ्यात काढून ठेवलेली. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर बोटाला लावला तर 84, फारच खाली. म्हणाली, "बरं वाटत होतं म्हणून केलं बंद." महिनाभर ती रोज मी झोपलो की ते बंद करत होती. कमी आलेलं बिल ते होतं.

आता मागणी. बिलात वीज शुल्क नावाची एक ओळ असते, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. माझ्या बिलात ते दोनशे साठच्या वर गेलं. दर वीज नियामक आयोग ठरवतो, हे उत्तर मला वीज कार्यालयात मिळालं आणि ते बरोबरही आहे. पण हे शुल्क आयोगाचं नाही, राज्य सरकारच्या तिजोरीत जातं. घरी ऑक्सिजन घेणाऱ्या, तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या ग्राहकाला ते माफ करा. आणि मशीनच्या युनिटांना पहिल्या टप्प्याचाच दर लावून फरक सरकारने भरावा. वीज कायदा 2003 च्या कलम 65 मध्ये राज्य सरकारला अशी सवलत देण्याची सोय आहेच.

हे नवीन नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून बिल माफ आहे. माझा भाऊ शेतकरी आहे, त्याचं भलं झालं, आनंद आहे. आमच्या गावात यंत्रमागालाही वीजदरात सवलत मिळते. मागाला मिळते, मागाचं सूत काढताना ज्यांची छाती गेली त्यांनाही मिळू द्या. ब्रिटनमध्ये घरी कॉन्सन्ट्रेटर लावलेल्या रुग्णाला त्या मशीनच्या विजेचे पैसे परत मिळतात. तिथलं सगळं इथे आणा असं म्हणत नाही, एवढं एक आणा.

छतावर सोलर बसवा, 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. साहेब, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. छत घरमालकाचं, त्यावर त्याच्या सुनेचे पापड वाळतात.

कोणी खोटं सांगेल अशी भीती असेल तर तपासणं सोपं आहे. डॉक्टरांचा दाखला घ्या. पेन्शनचं म्हणाल तर आम्ही दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतोच. शिवाय आमच्या मशीनवर चाललेल्या तासांचा आकडा दिसतो, तो खोडता येत नाही. आज सकाळी तो 6,412 होता. काल सकाळी 6,405. रात्री मी जागाच होतो तरी सातच तास झाले.

आपला,
एक निवृत्त गिरणी कामगार