अराता इझुमी आता काय करतात?

संपादक महोदय,

फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, तेव्हा बातम्यांत अराता इझुमी यांचे नाव ‘याआधी असे करणारा खेळाडू’ म्हणून ओळीभरात येऊन गेले. इझुमी यांचे त्यापुढचे काम मला जास्त मोलाचे वाटते.

जपानी आई, गुजराती वडील, जन्म जपानमधला, १९८२ चा. २००६ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडे आले, मग मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि तिथून पुणे एफसी. परदेशी पासपोर्टवर भारताकडून खेळता येत नाही, म्हणून त्यांनी जपानचे नागरिकत्वच सोडले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध ते भारताकडून उतरले तेव्हा वयाची तिशी गाठलेली होती. तो सामना आपण ४-२ ने हरलो आणि पुढेही भारताच्या जर्सीत त्यांना मोजकेच सामने मिळाले. एवढ्यासाठी देश सोडला का, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल.

पण खेळणे थांबल्यावरही ते इथेच राहिले. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या फुटबॉल अकादमीच्या मुलांचे प्रशिक्षक झाले, डेव्हलपमेंट लीग या तरुण खेळाडूंच्या स्पर्धेत अकादमीचा संघ घेऊन उतरले.

असे प्रशिक्षक आमच्या कोल्हापुरालाही हवेत. इथे फुटबॉलच्या फायनलला शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. पण सकाळी मैदानावर पोरांकडे बघा. पोरगे बॉल मागते, आला की मान खाली घालून थांबवते आणि मग वर बघून कुणाला द्यायचा ते शोधते. तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. बॉल यायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघायचे, अंग अर्धे वळवून लांबच्या पायावर घ्यायचा, ही सवय दहा-बारा वर्षांच्या वयात लागली तर लागते. ती लावणारा माणूस रोज मैदानावर लागतो, आणि उत्तम खेळलेल्या प्रत्येकाला ते शिकवता येतेच असे नाही. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, पण घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत.

गुडघे गेले की आमचे पेठेतले खेळाडू मैदान सोडतात. ज्यांना शिकवायची हौस आहे, त्यांना डी लायसन्स, सी लायसन्स हे प्रशिक्षकाचे कोर्स करायला फी आणि सुट्टी दोन्ही परवडत नाही. इथले फुटबॉल संघ चालवणाऱ्या आणि स्पर्धांच्या बक्षिसांवर हौसेने खर्च करणाऱ्या तालमींनी दरवर्षी आपल्या एका जुन्या खेळाडूचा हा कोर्स करून द्यावा.

आणि आपल्या क्रीडा प्रतिनिधीने एकदा नवी मुंबईला जाऊन इझुमी यांच्यासारखे प्रशिक्षक मुलांकडून रोज काय करून घेतात ते सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती. सामन्याच्या निकालाइतकीच जागा त्याला द्यावी.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर