कार्ड टेकवण्यापूर्वी रक्कम दाखवा

महोदय,

गेल्या आठवड्यात महाद्वार रोडवरील एका दुकानात साडी घेताना विक्रेत्याने माझे कार्ड हातातून घेऊन यंत्रावर टेकवले आणि पिन न विचारताच ४,३५० रुपये खात्यातून गेले. आकडा मला पावतीवरच दिसला. चिप कार्ड यंत्रात घालून पिन दाबताना रक्कम आपसूक नजरेखालून जाते, त्यात चार क्षण जास्त गेले तर जावोत. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून विनापिन व्यवहाराची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये केली, मात्र ही सुविधा बंद ठेवणे ग्राहकाच्याच हाती असते, हे माझ्या शाखेत खोदून विचारल्यावरच कळले. बँकांनी ते कार्ड देतानाच सांगावे आणि दुकानदारांनी यंत्राचा पडदा आधी ग्राहकाकडे वळवावा.

– एक ग्राहक, राजारामपुरी, कोल्हापूर